प्रात्यक्षिकासाठी केस हवेत

कंपनीत त्याला सगळे गोटा म्हणत, आणि ते नाव त्याने कमावलेलं होतं. केस काढायची लेझर यंत्रं विकणाऱ्या या कंपनीत तो प्रात्यक्षिकं दाखवायचा. म्हणजे डॉक्टरांच्या समोर खुर्चीवर बसून एका हाताने दुसऱ्या हातावर यंत्र चालवायचा. आधी डावा हात संपला. मग यंत्र डाव्या हातात धरायला शिकून त्याने उजवा संपवला. पुढे पोटऱ्या, मांड्या, छाती असा तो कंपनीच्या प्रगतीला अंगभर हातभार लावत गेला. आता मानेखाली तो नदीतल्या गोट्यासारखा गुळगुळीत होता. डोक्यावर मात्र दाट केस होते. तिथे यंत्र लावायला कंपनीने कधी सांगितलं नव्हतं आणि त्यानेही कधी उत्साह दाखवला नव्हता.

यंत्र चांगलं होतं, यात वाद नाही. माहितीपत्रकात 'केस कायमचे जातात' असं कुठेही छापलेलं नव्हतं. 'केसांत कायमची घट होते' असं होतं, कारण कंपनीच्या वकिलाला घट तेवढी सिद्ध करता येत होती. गोट्याने तर ती स्वतःच्या अंगावर सिद्ध करून दाखवली होती, आणि नेमकी तिथेच अडचण झाली. लेझरचा प्रकाश कातडीत शिरतो, केसाचा काळा रंग हुडकतो आणि त्याच्या मुळाशी जाऊन तापतो. हुडकायला केसच नसला तर बिचारा आत फेरफटका मारून विझतो. चट् असा आवाज नाही, ठिणगी नाही, आणि मुख्य म्हणजे वास नाही. जळक्या केसाचा वास आल्याशिवाय डॉक्टर लोकांचा विज्ञानावर विश्वास बसत नाही, असं विक्रीप्रमुखांचं अनुभवाचं मत होतं.

या विक्रीप्रमुखांनी, म्हणजे साहेबांनी, एके सकाळी गोट्याला केबिनमध्ये बोलावलं, दार लावून घेतलं आणि पँट गुडघ्यापर्यंत वर करायला सांगितली. टेबलावरचा दिवा वाकवून त्यांनी पोटरी नीट पाहिली.

"काहीच नाही रे."

"घोट्याजवळ दोन-तीन आहेत, साहेब."

"ते काय भिंगातून दाखवू लोकांना? पाठ कशी आहे?"

"पाठीवर माझ्या कधीच नव्हते. वडिलांच्या होते."

"वडील येतील?"

"नाहीत ते, साहेब."

"अरेरे," साहेब म्हणाले. हे वडिलांबद्दल होतं की पाठीबद्दल, ते स्पष्ट झालं नाही.

मग दिवा सरळ करून त्यांनी मुद्द्याला हात घातला. पुढच्या आठवड्यात शहरातल्या सगळ्यात मोठ्या त्वचा क्लिनिकमध्ये नव्या यंत्राचं प्रात्यक्षिक होतं. "वरच्यांचं म्हणणं आहे, एक फिल्म काढून ठेवा, माणूस कशाला पोसायचा? मीच सांगितलं, फिल्मला वास येत नाही. पण गोट्या, आता तुलाही येत नाही. केस आण. कुणाचे आण ते मी विचारणार नाही, फक्त ते माणसाला लागलेले असले पाहिजेत. हे प्रात्यक्षिक झालं तर तू राहशील. नाही झालं, तर मी तुझ्यासाठी काही करू शकणार नाही."

साहेब कुणासाठी काही करू शकत नाहीत हे गोट्याला ठाऊक होतं. पण ते आधी सांगून टाकतात, हा त्यांचा मोठेपणा होता.

घरी त्याने हे बायकोला सांगितलं, तेव्हा तिने आधी स्वतःच्या बाह्या खाली ओढल्या.

"माझ्याकडे बघायचंसुद्धा नाही."

"बघत नाहीये मी."

"बघत होतात. दादांना विचारा की! त्यांच्या अंगावर अख्ख्या कंपनीला पुरेल एवढा माल आहे."

दादा म्हणजे गोट्याचा थोरला भाऊ. डोक्यावर मैदान आणि हातांवर जंगल. लहानपणी हातावर मुंगी चढली की ती वाट चुकायची, असं आई सांगायची. या दादाचं गाद्यांचं दुकान होतं. गेल्या वर्षी वहिनी गेली आणि दादाने दुकान बंद केलं. ती गेली तेव्हा तो रडला नाही. सगळे म्हणाले, धीराचा माणूस. पुढे महिने उलटले तरी धीर काही संपेना, तेव्हा लोकांना काळजी वाटायला लागली. आयुष्यभर गिऱ्हाइकांना 'दोन मिनिटं पडून तर बघा' असं सांगणारा हा माणूस आता स्वतःच पडून बघत होता. त्याला कशाचं काही वाटेनासं झालं होतं. बोलावलं तर जेवायला यायचा, वाढलं तेवढं खायचा, आणि उठा म्हटलं की उठायचा.

गोटा गेला तेव्हा दादाच्या घरात टीव्ही चालू होता आणि त्याचा आवाज बंद होता. खिडकीही बंद होती. दादा सोफ्याच्या एका टोकाला बसला होता, दुसऱ्या टोकाला कुणीतरी येणार असल्यासारखा.

"दादा, तुझे हात हवे होते."

"कशाला?"

गोट्याने सगळं सांगितलं. नोकरीचंही सांगितलं. थोडं दुखेल, रबरबँड मारल्यासारखं वाटेल, असंही सांगितलं.

"बरं," दादा म्हणाला.

"केस कमी होतील."

"बरं."

"हवं तर विचार करून सांग."

"केला."

गोट्याला वाटलं होतं, दादा चिडवेल, निदान 'लहानपणी याच हाताला लोंबकळायचास आणि आता तो भादरायला निघालास काय रे' असं काहीतरी म्हणेल. दादा काहीच बोलेना, म्हणून ते वाक्य त्याने स्वतःच म्हणून टाकलं. दादाने ते ऐकलं आणि हवामानाचा अंदाज ऐकावा तशी मान हलवली.

क्लिनिकमधली खोली पांढरी आणि थंड होती. यंत्राला गरम व्हायला आवडत नाही, म्हणून तिथे माणसांना थंडी सोसावी लागे. क्लिनिकची मालकीण डॉक्टरीणबाई पुढच्या खुर्चीत बसली होती आणि मागे तिचे पाच-सहा सहकारी. गोट्याने दादाच्या हाताचा एक चौकोन वस्तऱ्याने साफ केला, पांढऱ्या पेन्सिलीने चौकट आखली आणि वर थंडगार जेल पसरलं. उरलेलं जंगल चौकटीभोवती तसंच उभं होतं. मागून कुणीतरी "वा" म्हणालं. हातावरच्या केसांना दाद मिळालेली गोट्याने बऱ्याच दिवसांत ऐकली नव्हती.

मग सगळ्यांनी हिरवे चष्मे लावले. लेझर चालू असताना ते लावावेच लागतात, नाहीतर डोळे जातात. पण त्यांतून सगळं हिरवं दिसतं. भिंत हिरवी, डॉक्टर हिरवे, आणि भाजून लाल झालेली कातडीही हिरवीच. म्हणून या धंद्यात एक पद्धत आहे. प्रकाशाचा प्रत्येक टोला दिला की यंत्र चालवणाऱ्याने विचारायचं, "दहापैकी किती?" शून्य म्हणजे काहीच लागलं नाही, दहा म्हणजे सहन होत नाही. आकडा मोठा आला की यंत्राची शक्ती उतरवायची, लहान आला की चढवायची. मधोमध आला की समजायचं, केस जळतोय आणि माणूस शाबूत आहे. पुस्तिकेत ठळक अक्षरात छापलेलं होतं की ग्राहकाचा आकडा अंतिम मानावा. ग्राहक घरी कुणाला तरी रडून आला असेल किंवा रडायचा राहिला असेल, याचा विचार पुस्तिकेने केला नव्हता.

गोट्याने पहिला टोला दिला. चट्. वास आला. डॉक्टर मंडळी पुढे झुकली.

"दहापैकी किती?"

"शून्य," दादा म्हणाला.

गोट्याने शक्ती चढवली. चट्.

"किती?"

"शून्य."

"थोडं तरी?" डॉक्टरीणबाईने विचारलं.

दादाने नीट विचार केला. तो मुळात प्रामाणिक माणूस. ज्या गादीचे स्प्रिंग वाजायचे तिचे स्प्रिंग वाजतात असं सांगून तो गिऱ्हाईक घालवायचा. "नाही," तो म्हणाला.

डॉक्टरीणबाईने चष्मा कपाळावर ढकलला. "तुम्ही बधिर करायचं मलम लावून आलाय का?"

"नाही."

तिने कापसाने त्याचा दुसरा हात पुसला, वास घेतला, आणि न सांगता एक सणसणीत चिमटा काढला.

"तुम्ही चिमटा काढलात," दादा म्हणाला. त्याला कळलं होतं, पण दुसऱ्या गावची बातमी कळावी तसं.

"म्हणजे संवेदना आहे," ती सहकाऱ्यांकडे वळून म्हणाली. "कमाल यंत्राची आहे."

तिथून पुढे सगळं उतारावर गेल्यासारखं सोपं झालं. गोटा विचारत होता, दादा शून्य म्हणत होता आणि शक्ती चढत होती. गोट्याने स्वतःच्या अंगावर एवढी शक्ती कधी लावली नव्हती. तिच्याहून कमी शक्तीवरच त्याने एकदा ओठ चावून रक्त काढलं होतं. पण पद्धत म्हणजे पद्धत. शिवाय तो दादाच्या हाताकडे बघतच नव्हता, बघणाऱ्यांच्या चेहऱ्यांकडे बघत होता, आणि चेहरे फार चांगले दिसत होते. प्रात्यक्षिक संपलं तेव्हा डॉक्टरीणबाईने साहेबांशी हात मिळवला आणि सगळ्या शाखांसाठी यंत्रं घ्यायचं कबूल केलं. साहेबांनी दादाशी हात मिळवला. गोट्याशी हात मिळवायला कुणी उरलं नाही, पण तो यंत्राची वायर गुंडाळत होता, त्यामुळे वाईट दिसलं नाही.

त्या संध्याकाळी दादा गोट्याकडेच जेवायला आला. जेवण झाल्यावर बशी धुवायला त्याने बाही वर केली, आणि गोट्याच्या बायकोच्या हातातला टॉवेल खाली पडला.

दादाच्या हातावर यंत्राच्या तोंडाएवढे चौकोन उठले होते, शेजारी शेजारी, ओळीत, फरशी बसवल्यासारखे. काही लाल होते, काहींवर पाणी भरलं होतं.

"दादा, अहो हे काय!"

दादाने हाताकडे पाहिलं. "हं," तो म्हणाला. "झालेलं दिसतंय."

"आग होत नाही?"

"होत असेल."

गोट्याने मलम लावलं. अंगावर काटा येईल असं वाटलं, पण काटा यायला केस लागतात. वेदना दादाच्या दारापर्यंत येत असणार, बेल वाजवत असणार, फक्त आतून कुणी उठत नव्हतं. आणि बाहेर उभा राहून शक्ती चढवत होता तो धाकटा भाऊ.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. या वेळी पँट वर करायला सांगितलं नाही, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

"तुझा भाऊ म्हणजे सोनं आहे रे."

"साहेब, त्याला फोड आलेत."

"कुणाला येत नाहीत? ऐक. वरच्यांना मी कळवलं. अंगभर केस आणि दुखणं शून्य, असा माणूस जाहिरात देऊन मिळत नाही. त्याला ठेवून घेतोय आपण. यंत्र चालवायला नवी मुलगी येतेय. आता दोन माणसं प्रात्यक्षिकाला आणि वर तू, हे वरच्यांना कसं समजावू? या महिन्याअखेर तू मोकळा. तोवर माहितीपत्रकं वाट."

केसाने गळा कापणं म्हणतात ते गोट्याने ऐकलं होतं. भावाच्या केसाने कापतात, हे नव्याने कळलं.

"साहेब, त्याचा शून्य खरा नाही. त्याची बायको गेलीय. त्याला काही वाटतच नाही. शक्ती आकड्यावर चढते, आणि तो आकडाच सांगत नाही."

"सांगतो की. शून्य सांगतो." साहेबांनी त्याच्याकडे मायेने पाहिलं. "गोट्या, सख्ख्या भावाचं चांगलं झालेलं बघवत नाही का रे तुला?"

बायकोला त्याने हे जेवताना सांगितलं. ती जरा वेळ घास हातात धरून बसली.

"म्हणजे तुमची नोकरी दादांना?"

"हो."

"चला," ती म्हणाली, "घरातच राहिली." मग तिला स्वतःलाच हसू आलं आणि ते मध्येच थांबलं.

गोटा दादाला नको म्हण असं सांगायला गेला, तर खिडकी उघडी होती. दादा शर्टाला इस्त्री करत होता. कॉलरवर त्याने एवढा वेळ इस्त्री फिरवली होती की ती कागदासारखी कडक झाली होती.

"दादा, तुला भाजतील ते."

"बरं."

"बरं काय? तू नाही म्हण."

दादाने इस्त्री उभी ठेवली. "सकाळी साडेनऊला ये म्हणालेत," तो म्हणाला. "बरं वाटलं. कुणीतरी ये म्हणालं." आणि बाही इस्त्रीखाली सरळ केली.

गोटा बाहेर पडला. नोकरी गेल्याचं दुःख करावं, तर ती ज्याला मिळाली त्या माणसाने वर्षभरात पहिल्यांदा खिडकी उघडली होती. आनंद करावा, तर तो माणूस होरपळणार होता. दोन्हीपैकी एक काहीतरी वाटावं म्हणून तो जिन्यात थोडा थांबला. काहीच वाटलं नाही. हा आजार घराण्यात असावा, असं म्हणून तो खाली उतरला.

शेवटी त्याने मधला मार्ग काढला. दादाला दुखत नसेल तर नसू दे, पण दुखतंय असं म्हणता तर येईल. आकडा वर गेला की नवी मुलगी शक्ती उतरवेल, कातडी वाचेल. सुट्टीच्या दिवशी त्याने दादाला घरी बोलावलं आणि स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसवून तालीम सुरू केली. यंत्राऐवजी चमचा घेतला. परीक्षक म्हणून बायको होती.

"हा टोला बसला. आता 'हाय' म्हण."

"हाय," दादा म्हणाला.

"असं नाही रे. बसचं तिकीट मागितल्यासारखं नको. आतून."

"हाय."

"दादा, डोळे मिटून म्हणा," बायकोने सुचवलं. "आणि खांदा थोडा वर न्या. पायाची करंगळी पलंगाला आपटते ना, तसं."

दादाने डोळे मिटले, खांदा वर नेला, आणि बराच वेळ तसाच बसून राहिला.

"काय झालं?"

"करंगळी आठवत होतो."

"बरं, ओरडू नकोस," गोटा म्हणाला. "आकडा तरी सांग. पहिल्याला चार. दुसऱ्याला पाच. सहाच्या पुढे गेलास की ती थांबेल. म्हण, चार."

"चार."

"शाबास."

"पण लागलं नाही तर चार कसं म्हणू?"

"लागलं असं समजून म्हण."

"खोटंच ना ते."

"दादा, तिथे सगळंच खोटं आहे!"

"ते त्यांचं," दादा म्हणाला. "मला विचारलं तर मी माझं सांगणार ना."

चहा ठेवायला म्हणून बायकोने गोट्याला ओट्याशी खेचलं आणि आवाज खाली आणला. "अहो, हे त्यांच्यासाठी चाललंय की तुमच्यासाठी? ते 'हाय' म्हणाले तर यंत्र खपणार नाही, आणि त्यांची नोकरी जाईल. म्हणून तुमची परत येईल असं समजू नका."

"समजत नाहीये मी."

"मग?"

"काही समजतच नाहीये," गोटा म्हणाला, आणि साखर घालायची होती तिथे परत एकदा चहापत्ती घातली. तिघांनीही तो चहा प्यायला. दादाने दुसरा कपही घेतला.

पुढचं प्रात्यक्षिक सौंदर्योपचार शिकवणाऱ्या एका संस्थेत होतं. मोठा हॉल, चारही भिंतींना आरसे, त्यामुळे दादा एकदम पुष्कळ दिसत होता. त्याने गोट्याचाच टाय लावला होता. एक हात जुन्या फोडांमुळे कोपरापर्यंत पट्टीत होता, म्हणून दुसरा उघडा केला होता. नवी मुलगी अगदी नम्र होती. तिने पुस्तिका पाठ केली होती. गोटा मागच्या रांगेत माहितीपत्रकं वाटत होता.

चष्मे चढले. हॉल हिरवा झाला.

"दहापैकी किती, काका?"

मागच्या रांगेतून गोट्याने ओठांनी 'चार' असा आकार केला. आरशात चाळीसएक गोट्यांनी 'चार' म्हटलं. दादाचं लक्ष नव्हतं.

"शून्य."

मुलीने शक्ती चढवली. विद्यार्थिनी कुजबुजल्या. साहेब हात पाठीमागे बांधून लग्नातल्या यजमानासारखे उभे होते.

"आता, काका?"

"शून्य."

चट्. चट्. "आता?" "शून्य." वास मागच्या रांगेपर्यंत आला. आधी केसाचा. तो गोट्याच्या ओळखीचा होता, सकाळी उठल्यावर स्वतःच्या उशीचा असावा इतका. मग त्याच्याखालून दुसरा एक आला, जरासा गोड. तोही ओळखीचा होता. मांडीवर एकदा चूक झाली होती तेव्हा आलेला. हॉलमध्ये त्या दोन वासांतला फरक कळणारं एकच नाक होतं, आणि ते माहितीपत्रकं वाटायला लावलेलं होतं.

मुलीचा हात शक्तीच्या बटणाकडे गेला. गोट्याने गठ्ठा खुर्चीवर ठेवला आणि तो रांगांमधून पुढे चालत गेला. धावला नाही. त्या यंत्राच्या माथ्यावर एक मोठं लाल बटण असतं. ते दाबलं की सगळं जागच्या जागी बंद पडतं, आणि कंपनीचा माणूस आल्याशिवाय परत चालू होत नाही, म्हणून कुणी ते दाबत नाही. महिनाअखेरपर्यंत कंपनीचा माणूस गोटाच होता. त्याने तळहाताने ते दाबलं.

यंत्राची घरघर थांबली. पंख्याचं कुरकुरणं ऐकू आलं.

"बिघडलं का?" संस्थेच्या प्रमुख बाईंनी विचारलं.

साहेबांनी हिरव्या चष्म्यातून गोट्याकडे पाहिलं. ती नजर सांगत होती, हो म्हण, बिघडलं म्हण, अजून वेळ गेलेली नाही.

"यंत्र ठीक आहे," गोटा म्हणाला. "भाजतंय त्याला."

"ते तर शून्य म्हणतायत."

"तो तसंच म्हणेल. जिवंत जाळलात तरी तसंच म्हणेल."

बाईंनी चष्मा काढला, दादाच्या हातावरचं जेल बोटाने बाजूला केलं आणि पाहिलं. मग त्या म्हणाल्या, "म्हणजे गिऱ्हाईक जे सांगेल त्यावर तुमचं यंत्र चालतं. आणि गिऱ्हाईक काहीही सांगू शकतं." त्या साहेबांना उद्देशून बोलत होत्या. साहेब छताकडे बघत होते. विद्यार्थिनी एकेक करून चष्मे काढून पेटीत ठेवायला लागल्या.

साहेब चिडले नाहीत. चिडायला वेळ असतो तेव्हा माणूस चिडतो. त्यांनी फक्त हात पुढे केला. गोट्याने गळ्यातलं ओळखपत्र काढायला घेतलं, तर त्याची फीत डोक्यावरच्या दाट केसांत अडकली. नव्या मुलीने हळुवारपणे ती सोडवून दिली. "सॉरी, सर," ती म्हणाली. त्याला सर म्हणणारी ती कंपनीतली पहिलीच.

"काका, तुम्ही थांबा," साहेब दादाला म्हणाले. "तुमचा काही दोष नाही. तुमचं आपण बघू."

दादा उठला. बाही खाली घेतली, मग जेल लागलंय हे बघून परत वर केली. "नको," तो म्हणाला. "याला बसचा नंबर लक्षात राहत नाही."

बसमध्ये दोघांना शेजारी जागा मिळाली. दादाच्या हातावर ओला रुमाल होता. दोन थांबे गेले.

"मला विचारायचं होतंस," दादा म्हणाला.

"विचारलं असतं तर बरं म्हणाला असतास."

"मग म्हणालो असतो. माझं मी म्हणालो असतो. तू कोण बंद करणारा?"

"लागत होतं ना पण तुला?"

"लागत असेल."

"असेल म्हणजे काय, दादा?"

"तुला वास आला म्हणतोस. मग लागत असेल. ती लाईन तुझी आहे." दादा खिडकीबाहेर बघत होता. "इस्त्री केलेले चार शर्ट आहेत घरी. त्यांचं काय करू आता? साडेनऊला काय करू?"

"माझी पण गेली, दादा."

"तुझी जाणारच होती. माझी नव्हती जाणार." आवाज चढला नव्हता, पण पुढच्या सीटवरच्या बाईने मागे वळून पाहिलं. "लहानपणापासून तुझं हेच. खेळायला घेतलं नाही की डाव मोडायचा. सगळ्यांनी घरी जायचं. मूर्ख."

गोट्याने मूर्ख हा शब्द ऐकला. वर्षभरात दादाने त्याला काहीही म्हटलेलं नव्हतं. 

"रुमाल वाळलाय," तो म्हणाला. "ओला करून देऊ?"

"हात लावू नकोस."

थांबा आला. दादा आधी उतरला आणि मागे न बघता चालायला लागला. गोटा दोन पावलं मागून चालत राहिला. फूटपाथवर माणसं होती, दुकानांचे दिवे लागत होते. कुणीतरी गोट्याला धक्का मारून गेलं आणि 'माफ करा' म्हणालं. घरी बायकोला काय सांगायचं याची वाक्यं त्याने जुळवून पाहिली. त्यांतलं एक बरं होतं. ते तो लगेच विसरला.

दादाच्या इमारतीचं खालचं दार काचेचं होतं, वरच्या बाजूला दांडा बसवलेलं, आपोआप हळूहळू बंद होणारं. दादा आत शिरला, वळला, आणि दोन्ही भाजलेल्या हातांनी ते दार गोट्याच्या तोंडावर आपटायला गेला. दाराने त्याचं ऐकलं नाही. ते आपल्या चालीने येत राहिलं. दादाने परत जोर लावला, दात आवळून, खांदा लावून, आणि दार तेवढंच हळू आलं. शेवटी त्याने नाद सोडला आणि जिना चढून गेला.

गोटा बाहेर उभा राहिला, दार पूर्ण बंद होईपर्यंत.